पाचशे टक्के बोनसमागचं गणित

"हजार भरा, सहा हजारांनी खेळा. ५०० टक्के वेलकम बोनस, पैसे दोन मिनिटांत खात्यात." असे मेसेज व्हॉट्सअॅपवर, टेलिग्रामवर सतत फिरत असतात. आमच्या नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे द्राक्षाचे पैसे हातात आलेले असतात तेव्हा फिरतात, अंबड-सातपूरच्या कारखान्यांत पगार झाला की फिरतात, आणि आयपीएल सुरू झालं की विचारायलाच नको.

मी गंगापूर रोडला अकाउंट्सचे क्लास घेतो. मुलं विचारतात, "सर, बोनस घेऊन ठेवला तर आपलं काय जातं? फुकटच तर आहे." प्रश्न रास्त आहे. त्यावर उपदेश करून काही होत नाही, कारण मुलांना तो घरीही मिळतो. याचं उत्तर आकड्यांत आहे आणि ते आठवीच्या टक्केवारीने काढता येतं. मला पोटतिडकीने सांगायचंय ते एवढंच, की बोनसचा आकडा मोठ्या अक्षरांत असतो आणि त्याची किंमत त्याखालच्या एका बारीक ओळीत असते. ती ओळ वाचता आली पाहिजे.

आधी कायद्याचं सांगून टाकतो. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला आणि २२ ऑगस्टला त्यावर राष्ट्रपतींची सही झाली. पैसे लावून खेळायच्या सगळ्या ऑनलाइन खेळांवर त्यात बंदी आहे, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. असा खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास लाखांपर्यंत दंड. बँकांना आणि पेमेंट कंपन्यांना असे व्यवहार करायला मनाई आहे. नुसतं खेळणाऱ्याला या कायद्यात शिक्षा नाही. महाराष्ट्रात तर १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे. १९७६ साली कॅसिनोंसाठी एक वेगळा कायदा झाला होता, पण तो कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये राज्य सरकारने तो रद्दच करायचं ठरवलं. ड्रीम११सारख्या मोठ्या देशी कंपन्यांनी ऑगस्ट २०२५ मध्येच पैशांचे खेळ थांबवले. म्हणजे आज तुमच्या फोनवर कॅसिनोचा बोनस येतोय, तर तो देणारा देशाबाहेर बसलेला आहे किंवा इथेच लपून धंदा करतोय. हे डोक्यात ठेवून पुढचं वाचा, कारण बोनसच्या अटी पाळायला त्याला भाग पाडणारं इथे कोणी नाही.

आता कॅसिनो कमावतो कसा ते बघू. युरोपियन रूलेच्या चक्रावर ० ते ३६ अशी ३७ घरं असतात. एका आकड्यावर १०० रुपये लावले आणि तो लागला, तर ३,५०० मिळतात आणि लावलेले १०० परत येतात. हातात ३,६००. समजा कोणी सगळ्याच्या सगळ्या ३७ घरांवर शंभर-शंभर लावले, तर खर्च ३,७०० आणि परत ३,६००. मधले १०० कॅसिनोचे. हे झाले २.७० टक्के. अमेरिकन चक्रावर शून्याची दोन घरं असतात, तिथे हाच हिस्सा ५.२६ टक्के होतो. स्लॉट मशीनवर तो आरटीपी (रिटर्न टू प्लेयर, म्हणजे लावलेल्यातलं सरासरी किती परत येतं) या आकड्यातून कळतो. आरटीपी ९६ टक्के लिहिलं असेल, तर लावलेल्या दर शंभरातले सरासरी चार रुपये कॅसिनोकडे जातात.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या. हे चार टक्के तुम्ही भरलेल्या रकमेवर लागत नाहीत, एकूण उलाढालीवर लागतात. हजार भरले, थोडे जिंकले, थोडे हरले, तेच पैसे पुन्हा पुन्हा लावत रात्रभरात दहा हजारांचे डाव झाले, तर चार टक्के दहा हजारांवर. म्हणजे सरासरी चारशे गेले. माणूस जितका जास्त वेळ खेळेल तितकी उलाढाल जास्त, आणि बोनस हे तुमच्याकडून ठरावीक उलाढाल करून घ्यायचं साधन आहे.

ती उलाढाल किती, हे सांगणारी ओळ म्हणजे वेजरिंगची अट. कुठे तिला रोलओव्हर म्हणतात, कुठे प्लेथ्रू. "३५एक्स" असं लिहिलेलं असतं, म्हणजे ३५ पट. दोन हजार भरले, शंभर टक्के मॅच बोनस म्हणून आणखी दोन हजार मिळाले. स्क्रीनवर चार हजार दिसतात. पण त्यातला पैसा काढायच्या आधी दोन हजार गुणिले ३५, म्हणजे ७०,००० रुपयांचे डाव लावून झाले पाहिजेत. मेन रोडवरच्या एखाद्या कापड दुकानदाराने दोन हजारांचं कूपन हातात ठेवावं आणि ते वटवायला आधी सत्तर हजारांची खरेदी दाखवा म्हणावं, तसा हा प्रकार आहे. दुकानात निदान साड्या तरी घरी येतात.

चार टक्क्यांनी सत्तर हजारांवर सरासरी २,८०० रुपये जातात. मिळालेला बोनस दोन हजार, तो मोकळा करायचा खर्च अठ्ठावीसशे. आणि ३५ पट बोनसवर न धरता "डिपॉझिट अधिक बोनस" यावर धरली असेल, तर चार हजार गुणिले ३५, म्हणजे १,४०,००० ची उलाढाल आणि तिचा खर्च ५,६००. खात्यात मुळात चारच हजार होते! काही जणांना मधेच मोठा डाव लागतो आणि ते अट पूर्ण करून बाहेर पडतातही. नावं त्यांचीच पुढे येतात. बाकीच्यांची शिल्लक अट पुरी व्हायच्या आधीच संपते.

यातून एक सोपा ठोकताळा निघतो. कॅसिनोचा हिस्सा चार टक्के असेल आणि अट फक्त बोनसच्या रकमेवर असेल, तर २५ पटीला बोनस फिटतो. त्याच्या वर गेलं की सरासरीने तोटा. सहा टक्क्यांचा स्लॉट असेल तर ही सीमा १७ पटीच्याही खाली येते. ऑनलाइन कॅसिनो कायदेशीर असलेल्या ब्रिटनमध्ये तिथल्या नियामकाने २०२५ मध्ये ठरवलं, की वेजरिंग १० पटींपेक्षा जास्त ठेवता येणार नाही. वरच्या उदाहरणात १० पट धरा. उलाढाल वीस हजार, खर्च आठशे, दोन हजारांतले बाराशे उरतात. तिकडचा ग्राहक आणि टेलिग्रामवरच्या लिंकने शिरलेला इकडचा मुलगा, दोघांच्या स्क्रीनवर "१०० टक्के बोनस" असंच लिहिलेलं असतं.

एखादा हुशार मुलगा इथे हात वर करतो. "सर, मग कमी हिस्सा असलेला खेळ खेळायचा." विचार बरोबर आहे. ब्लॅकजॅक हा पत्त्यांचा खेळ पुस्तकी पद्धतीने खेळला तर कॅसिनोचा हिस्सा अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो. पण कॅसिनोनेही हा विचार करून ठेवलेला असतो. अटींमध्ये एक तक्ता असतो: स्लॉटचे डाव १०० टक्के मोजले जातील, ब्लॅकजॅक-रूलेचे १० टक्के, काही खेळ शून्य. १० टक्के म्हणजे शंभराचा डाव लावला तर दहाच रुपये जमेस धरणार. सत्तर हजारांची अट ब्लॅकजॅकवर सात लाखांची झाली. सात लाखांवर अर्धा टक्का म्हणजे ३,५००. स्लॉटपेक्षाही महाग पडलं. तीन पत्ती, अंदर-बाहरच्या लाइव्ह टेबलांनाही असाच कमी हिशेब लावलेला आढळतो, म्हणून तक्ता वाचल्याशिवाय काहीच गृहीत धरू नका.

दुसरी अट डावाच्या रकमेची. बोनस चालू असताना एका डावात ठरावीक रकमेच्या वर लावायचं नाही. ही अट खेळाडूच्या काळजीपोटी असते असा बऱ्याच जणांचा समज असतो. खरं कारण संभाव्यतेत आहे. मोजके मोठे डाव लावले तर निकाल कुठेही जाऊ शकतो, कॅसिनोच्या विरुद्धही. पन्नास-पन्नास रुपयांनी सत्तर हजार फिरवायचे तर १,४०० स्पिन होतात (स्पिन म्हणजे स्लॉटचं चक्र एकदा फिरवणं), आणि इतक्या स्पिनमध्ये निकाल सरासरीकडे ओढला जातो. पाच सेकंदाला एक स्पिन धरली तरी हे जवळपास दोन तासांचं काम आहे. शिवाय मुदत असते, कुठे सात दिवस, कुठे तीस. मुदत संपली की बोनस आणि त्यातून जिंकलेलं सगळं जातं.

हे सगळं एकत्र कसं लागतं ते माझ्याकडे शिकून गेलेल्या एका मुलाच्या फोनवर मी पाहिलं. अंबडला कंपनीत लागलाय. कॉलेज रोडला भेटला, म्हणाला, "सर, ११,३४० दिसतायत, पण विथड्रॉलचं बटणच दाबलं जात नाही." आम्ही बाकावर बसून पान उघडलं. त्याने तीन हजार भरले होते, २०० टक्क्यांचे सहा हजार मिळाले होते. अट ३० पट, तीही डिपॉझिट अधिक बोनसवर. नऊ हजार गुणिले तीस, दोन लाख सत्तर हजार. खाली एक हिरवी पट्टी होती, २३ टक्के पूर्ण. म्हणजे ६२,१०० ची उलाढाल त्याने आधीच केली होती आणि ती ऐकून तो स्वतःच दचकला. "सर, मी बासष्ट हजार कधी लावले?" पन्नास-शंभराच्या डावांनी लावले होते. उरलेले २,०७,९००. चार टक्क्यांनी त्यांचा खर्च ८,३१६. मी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी करून दाखवली: ११,३४० वजा ८,३१६, उरले ३,०२४. सगळं सुरळीत झालं तर सरासरीने स्वतःचेच तीन हजार परत.

मग आणखी खाली गेलो. एका डावाला ४०० ची मर्यादा होती. "तू कधी जास्त लावलेस का रे?" त्याने आठवून सांगितलं, एकदा पाचशेचा लावला होता. त्या डावाच्या वेळी ॲपने अडवलं नव्हतं. अटीत मात्र लिहिलं होतं, की मर्यादा मोडल्यास जिंकलेली रक्कम रद्द करण्याचा हक्क कंपनीकडे राहील. म्हणजे दोन लाखांची उलाढाल पुरी करूनही पैसे मागायच्या वेळी नकार द्यायचं कारण त्यांच्याकडे आधीच तयार होतं. त्याचे सात दिवस त्या रविवारी संपले आणि सोमवारी खातं शून्यावर होतं.

बाकीचे प्रकार आता पटकन समजतील, कारण ओळ तीच आहे.

विनाडिपॉझिट बोनस, म्हणजे नुसतं खातं उघडा आणि पाचशे घ्या. यात वेजरिंग बहुतेक वेळा वेलकम बोनसपेक्षा कडक असतं आणि जास्तीत जास्त किती काढता येईल यावरही मर्यादा असते. पन्नास हजार जिंकलात तरी हातात दोन हजारच, असं. पण माझ्या मते इथे खरी किंमत पैशात नसतेच. पैसे काढायच्या आधी केवायसी म्हणून आधार, पॅन, चेहऱ्याचा व्हिडिओ आणि बँक खातं मागतात. कुठल्या देशात, कोणाकडे ही कागदपत्रं गेली याचा पत्ता लागत नाही. पाचशे रुपयांच्या आशेने आधार आणि पॅन देऊन बसलेली मुलं पाहिली की मला फार वाईट वाटतं.

फ्री स्पिनमध्ये बघायचं ते एका स्पिनची किंमत. "१०० फ्री स्पिन" आणि दर स्पिन ५ रुपये, म्हणजे देणगी पाचशेची. ९६ टक्क्यांनी त्यातून सरासरी ४८० निघतात. प्रत्यक्षात बहुतेकांना त्याहून कमी, कारण सरासरी मोजक्या मोठ्या विजयांनी वर ओढलेली असते. हे ४८० रोख मिळत नाहीत, बोनस म्हणून जमा होतात. त्यावर ४० पट असेल तर १९,२०० ची उलाढाल, खर्च ७६८.

कॅशबॅक त्यातल्या त्यात सरळ आहे. आठवड्याच्या निव्वळ तोट्याच्या १० टक्के परत. पाच हजार गेले तर पाचशे आले. ते रोख मिळाले आणि लगेच काढता आले, तर तेवढा तोटा खरंच कमी झाला. बोनस म्हणून मिळाले तर पुन्हा तीच उलाढाल सुरू. हे पैसे कधी जमा होतात तेही बघा: माणूस हरून थांबलेला असतो नेमका तेव्हा. दुसऱ्या-तिसऱ्या भरण्यावर मिळणाऱ्या रिलोड बोनसचा हेतूही तोच.

व्हीआयपी आणि लॉयल्टी पॉइंटचा हिशेब करायचा असेल तर एकच प्रश्न विचारा, शंभर रुपयांचे पॉइंट मिळवायला उलाढाल किती लागली? समजा दर हजाराच्या डावाला एक पॉइंट आणि एका पॉइंटचा एक रुपया. शंभर रुपयांसाठी एक लाखाची उलाढाल, आणि त्या लाखावर सरासरी चार हजार गेलेले. जो सर्वात जास्त हरतो त्याला सर्वात वरचा दर्जा मिळतो, त्याची विचारपूस करायला खास मॅनेजर असतो. तो मॅनेजर "भाऊ" म्हणून बोलतो, सणाला शुभेच्छा पाठवतो.

रेफरल बोनसबद्दल मात्र जरा थांबून सांगतो. मित्राला लिंक पाठवा, त्याने पैसे भरले की तुम्हाला पाचशे. नव्या कायद्यात जाहिरात करणाऱ्यावर आणि तिला हातभार लावणाऱ्यावरही कारवाईची तरतूद आहे. माझ्या वाचनाप्रमाणे कॉलेजच्या ग्रुपवर कमिशनसाठी लिंक टाकणारा मुलगा त्या रेषेच्या फार जवळ उभा असतो. खेळणाऱ्याला शिक्षा नाही हे त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं, पण लिंक टाकली की तो नुसता खेळणारा राहत नाही.

कुठल्याही बोनसला विचारायचा आणखी एक प्रश्न, आधी कोणाचे पैसे वापरले जातात? काही ठिकाणी आधी तुमचे पैसे लागतात आणि त्यात जिंकलात तर बोनस सोडून देऊन पैसे काढता येतात. काही ठिकाणी दोन्ही पहिल्या क्षणापासून एकत्र होतात आणि तुमचे भरलेले पैसेही अटीत अडकतात. काही ठिकाणी बोनस फक्त खेळायला असतो, काढताना तो वजा होतो. पैसे भरताना "बोनस घ्या" या चौकटीत बऱ्याचदा आधीच टिक असते, ती काढता येते. बोनस घेणं सक्तीचं नसतं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

रमी खेळणाऱ्यांना एक जुनी गोष्ट आठवत असेल. १ ऑक्टोबर २०२३ पासून भरलेल्या रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. शंभर भरले की ७८ रुपये १२ पैसेच खेळायला उरायचे. तेव्हा बऱ्याच कंपन्या उरलेले २१ रुपये ८८ पैसे बोनस म्हणून वॉलेटमध्ये दाखवायच्या. स्क्रीनवर पुन्हा शंभर दिसायचे, पण त्यातले ते बावीस रुपये थेट काढता येत नसत.

कराचंही लक्षात घ्या. ऑनलाइन खेळातल्या निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आयकर आहे, वर सेस. परदेशी साइट टीडीएस कापत नाही म्हणून कर माफ होत नाही.

आता पैसे कोणाच्या खात्यातून येतात-जातात ते बघू. पैसे भरताना यूपीआयवर समोर कोणाचं नाव येतं ते पाहिलंय का? कॅसिनोचं नाव सहसा येत नाही. कुठल्या तरी किराणा दुकानाचं, मोबाइल रिपेअरिंगवाल्याचं किंवा अनोळखी माणसाचं नाव येतं आणि दर वेळी क्यूआर कोड बदललेला असतो. ही म्यूल खाती, म्हणजे दुसऱ्याच्या नावावर भाड्याने चालवलेली. त्याच खात्यांतून सायबर फसवणुकीचा पैसाही फिरतो. बोनस पूर्ण करून तुमच्या खात्यात आलेले चार हजार अशा खात्यातून आले, आणि तिकडे कोणत्या तरी राज्यात कोणी तक्रार केली, तर पोलिसांच्या पत्रावरून तुमचं खातं गोठवलं जाऊ शकतं. त्यात पगार असो, कांद्याच्या लिलावाचे पैसे असोत, की बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले असोत. जिंकलेल्या माणसाची ही अडचण बोनसच्या कोणत्याच अटीत लिहिलेली नसते.

कोणी आधीच अडकला असेल तर त्याने पहिली गोष्ट करावी ती म्हणजे "रक्कम मोकळी करायला आणखी पाच हजार भरा", "आधी कर भरा, मग पैसे सोडतो" असल्या मागणीवर एक रुपयाही न भरणं. असे पैसे भरून रक्कम सुटत नाही, पुढची मागणी येते. अटींच्या पानाचे, शिल्लकीचे, चॅटचे स्क्रीनशॉट लगेच काढून ठेवा, कारण खातं बंद केलं की तेही दिसत नाहीत. फसवणूक झाली असेल तर १९३० वर फोन करा, जितक्या लवकर तितकं बरं, कारण पैसा पुढच्या खात्यात जाण्याआधी अडवायचा असतो. खेळ थांबवताच येत नसेल, झोप उडाली असेल, तर १४४१६ हा सरकारचा टेली-मानस नंबर आहे, तिथे मराठीत बोलता येतं आणि पैसे लागत नाहीत. घरच्यांनीही मुलाला फैलावर घ्यायच्या आधी त्याच्याजवळ बसून कोणाकडून किती उधार घेतलंय याची यादी करावी. नंतर कळलेली उधारी जास्त महागात पडते.

खातं गोठलं असेल तर आधी बँकेच्या शाखेत जाऊन कोणत्या राज्यातल्या, कोणत्या पोलिस ठाण्याच्या पत्रावरून गोठलं आणि तक्रारीचा क्रमांक काय, हे लेखी मागून घ्या. त्या व्यवहाराचा यूटीआर नंबर (बँकेचा व्यवहार क्रमांक) आणि सहा महिन्यांचं स्टेटमेंट सोबत ठेवा, आणि पूर्ण खातं गोठवण्याऐवजी वादातली रक्कमच अडवून ठेवावी, असा अर्ज त्या ठाण्याच्या नावाने द्या.